कामाचं गाव, राहण्याचं गाव

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं ग्लेनवुड स्प्रिंग्ज हे संगमावरचं गाव. रोरिंग फोर्क नदी इथे कोलोरॅडो नदीला मिळते. आलेला पाहुणा गरम पाण्याच्या इथल्या भल्या मोठ्या तलावात डुंबतो आणि मग दक्षिणेला वळून रोरिंग फोर्कच्या काठाकाठाने वर चढू लागतो. साधारण पासष्ट किलोमीटरवर खोरं अरुंद होत डोंगरांत शिरतं. तिथे समुद्रसपाटीपासून २,४०० मीटर उंचीवर अ‍ॅस्पेन आहे. चार स्की-डोंगर, जगभरातल्या धनवंतांचे बंगले आणि २०२० च्या जनगणनेनुसार जेमतेम सात हजारांची कायम वस्ती.

अ‍ॅस्पेनबद्दल वाचताना एक आकडा माझ्या मनातून हलत नव्हता. गेल्या काही वर्षांत तिथल्या स्वतंत्र घराची सरासरी किंमत एक कोटी डॉलरच्या वर गेली आहे. मग लिफ्ट चालवणारा, शाळेत शिकवणारी, रस्त्यावरचं बर्फ उपसणारा, दवाखान्यात रात्रपाळी करणारी, ही माणसं राहतात कुठे? त्यांना तिथे राहून काय मिळतं आणि त्यासाठी काय सोडावं लागतं? मार्चमध्ये, हंगाम ऐन भरात असताना, ग्लेनवुडहून पहाटेची बस धरली ती हे पाहायला.

खोऱ्यातली ही बससेवा आरएफटीए या नावाची, पण लोक तिला ‘रॅफ्टा’ म्हणतात. २०१३ पासून तिची जलद सेवा सुरू आहे आणि अमेरिकेच्या ग्रामीण भागातली ही अशी पहिलीच व्यवस्था. काळोखात भरलेल्या त्या बसमध्ये स्की घेतलेलं कुणीच नव्हतं. पायांत जाड रबरी बूट, मांडीवर हत्यारांची पिशवी, कुणाकडे जेवणाचा डबा, आणि कानावर येणारी भाषा मुख्यतः स्पॅनिश. शेजारी बसलेली बाई मूळची एल साल्वादोरची, बंगल्यांची साफसफाई करणारी. ती ग्लेनवुडचीही नव्हती. आणखी पश्चिमेला रायफल नावाच्या गावी तिचं घर, म्हणजे कामाच्या जागेपासून शंभर किलोमीटरच्या वर. घर तिचं स्वतःचं आहे, मुलं तिथल्याच शाळेत शिकली आणि याच बसच्या जोरावर हे सगळं जमलं, असं तिने अभिमानाने सांगितलं. बर्फाचं वादळ आलं की घरी पोचायला किती वाजतील ते सांगता येत नाही, हेही तितक्याच सहजपणे सांगितलं. इतकी वर्षं अ‍ॅस्पेनमध्ये काम करून तिने स्की कधीच पायांत घातली नव्हती.

उजाडता उजाडता कार्बनडेल आलं. पाठीमागे माउंट सोप्रिस एकटाच उभा, जवळजवळ चार हजार मीटर उंच. हे पूर्वी बटाट्याचं आणि गुराढोरांचं गाव होतं. इथला बटाट्याचा वार्षिक उत्सव १९०९ पासून चालू आहे. नंतर कोळसा आला. रेडस्टोन गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या खाणींत इथली माणसं उतरायची. १९८१ च्या एप्रिलमध्ये डच क्रीक खाणीत स्फोट होऊन १५ खाणकामगार गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खाणी बंद झाल्या आणि कामाला जायची दिशाच पालटली. कोळशाकडे जाणारा माणूस आता अ‍ॅस्पेनच्या बसमध्ये बसतो. काम पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित. पण आता कार्बनडेलच्या घरांच्याही किमती चढल्या आहेत. अब्जाधीशांनी लक्षाधीशांना खाली ढकललं आणि लक्षाधीशांनी आम्हाला, असं या खोऱ्यात सगळेच म्हणतात. भाड्याचा दाब नदीबरोबर उताराला वाहतो, हे बसच्या खिडकीतूनही कळतं. थांब्यागणिक नव्या इमारती आणि त्यांच्यामध्ये टिकून राहिलेल्या जुन्या फिरत्या घरांच्या वसाहती.

बॅसॉल्ट आणि एल जेबेल या भागात अशी घरं बरीच आहेत. नावाला ‘मोबाइल होम’, प्रत्यक्षात वर्षानुवर्षं एकाच जागी रुतलेली. घर स्वतःचं, पण खालची जमीन बहुधा दुसऱ्याची. २०१८ च्या जुलैमध्ये इथे वणवा पेटला, १२,००० एकरांहून अधिक रान जळलं, तीन घरं गेली आणि या वसाहती रातोरात रिकाम्या कराव्या लागल्या. त्या रात्री आग वीजवाहिन्यांपर्यंत पोचली आणि वरचं अ‍ॅस्पेन अंधारात जायची वेळ आली होती. खालच्या खोऱ्यावर वरचं गाव किती अवलंबून आहे, ते त्या रात्री सगळ्यांना दिसलं.

पुढे विमानतळ लागतो. खाजगी जेट विमानांची रांग महामार्गावरूनच दिसते. मग येतो कॅसल क्रीकवरचा १९६१ चा दोन पदरी पूल. हिवाळ्यात गावात शिरायचा हा मुख्य मार्ग, आणि सकाळी त्याच्या अलीकडे गाड्यांची लांबच लांब ओळ. नवा रस्ता काढावा की नाही यावर अ‍ॅस्पेनने अनेक दशकं वाद घातला, वारंवार मतदान घेतलं. नवा रस्ता मोकळ्या माळावरून जाणार. तो माळ राखायचा की रोज येणाऱ्या हजारो कामगारांचा वेळ वाचवायचा, हा खरा प्रश्न. मतदान गावात राहणाऱ्यांचं, रांगेत थांबणारे बहुतेक बाहेरचे. मला यात अन्याय दिसला. पण तो माळ वाचला नसता तर इथे येण्यासारखं काय उरलं असतं, असं विचारणाऱ्या स्थानिकांचंही मला पटलं.

गावात उतरल्यावर पहिल्यांदा लक्ष जातं ते जुन्या देखण्या इमारतींकडे. हॉटेल जेरोम आणि व्हीलर ऑपेरा हाउस या दोन्ही १८८९ च्या. दोन्हींमागे एकच धनिक, जेरोम व्हीलर, न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाचा भागीदार. त्याआधी हा सगळा मुलूख यूट या आदिवासी लोकांचा होता. १८७९ च्या उन्हाळ्यात लेडव्हिल या खाणगावाहून डोंगर ओलांडून चांदी शोधणारे आले आणि दोनच वर्षांत यूट लोकांना इथून उठवून उटाहकडे हाकलण्यात आलं. १८८७ मध्ये रेल्वे पोचली. मग या खोऱ्यातून चांदीचा ओघ सुरू झाला आणि वस्ती दहा हजारांच्या वर गेली.

आणि या गावाच्या पडझडीत आपल्या मुंबईचा हात आहे, हे मला तिथे जाण्याआधी ठाऊक नव्हतं. त्या काळी कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत गेला की त्याला तिचे रुपये पाडून मिळत. जगाच्या बाजारातलं चांदीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थान. दुसरं गिऱ्हाईक खुद्द अमेरिकी सरकार, कारण १८९० च्या शर्मन कायद्याने त्याने दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घ्यायची होती. २६ जून १८९३ रोजी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. भाव एकदम कोसळला आणि काही दिवसांतच कोलोरॅडोतल्या खाणी धडाधड बंद पडू लागल्या. नोव्हेंबरमध्ये शर्मन कायद्यातली चांदीची खरेदीही रद्द झाली. फोर्टातल्या टाकसाळीच्या इमारतीवरून आपण कितीदा जातो! तिच्याबाबतच्या एका निर्णयाने अ‍ॅस्पेनची हजारो माणसं बेकार झाली. १८९४ मध्ये स्मगलर खाणीत ८०० किलोंहून जड असा चांदीचा गोळा सापडला, पण तोवर चांदीला पूर्वीचा भाव उरला नव्हता. १९३० पर्यंत गावात सातशेच्या आसपास माणसं उरली. एकाच मालावर जगणाऱ्या गावाचं असं होतं. आजचा माल बर्फ आहे.

बर्फाला माल करणारे लोक बाहेरून आले. १९३६ च्या सुमारास आंद्रे रोख हा स्विस गिर्यारोहक इथे उतारांची पाहणी करायला आला आणि त्याच्या आखणीनुसार पहिली वाट कापली गेली. दुसऱ्या महायुद्धात लेडव्हिलजवळच्या कॅम्प हेलमध्ये बर्फात लढणारी दहावी माउंटन डिव्हिजन तयार होत होती. तिच्यातला फ्रीडल फायफर हा ऑस्ट्रियन स्कीपटू या गावाच्या प्रेमात पडला. शिकागोचे उद्योजक वॉल्टर पेपके यांनी भांडवल उभं केलं. १९४७ च्या जानेवारीत इथल्या पहिल्या चेअरलिफ्टचं रीतसर उद्घाटन झालं, तेव्हा ती जगातली सर्वांत लांब होती. पेपकेंना नुसतं खेळाचं गाव नको होतं. १९४९ मध्ये त्यांनी जर्मन कवी गटेच्या द्विशताब्दीचा सोहळा इथे भरवला. त्याला आल्बर्ट श्वाइट्झर आले, त्यांची अमेरिकेची ही एकमेव भेट. आजचा संगीत महोत्सव आणि अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट यांची मुळं त्या सोहळ्यात आहेत. जुनी पडीक घरं तेव्हा कवडीमोलाने मिळत. पुढच्या दोन-तीन दशकांत आलेल्या तरुणांनी खाणकामगारांच्या त्या लाकडी घरांत बिऱ्हाडं थाटली, दिवसा स्की केली, रात्री हॉटेलात वाढपी झाले. आजच्या अ‍ॅस्पेनच्या मनातला स्वर्ग म्हणजे तो काळ.

गोंडोलातून आम्ही अ‍ॅस्पेन माउंटनच्या माथ्यावर गेलो. ३,४०० मीटरवर श्वास पुरत नाही, पण समोरची शिखरं पाहताना त्याची आठवण राहत नाही. चार महिने रोज हे पाहायला मिळावं म्हणून माणसं आयुष्य बेतून घेतात, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं. उतारावरच्या झाडीत स्थानिकांनी मांडलेली छोटी स्मृतिस्थळं आहेत. झाडाला खिळलेले फोटो, माळा, घंटा. एल्व्हिस आहे, मेरिलिन मन्‍रो आहे, आणि त्यांच्यासोबत अकाली गेलेले गावातले मित्रही आहेत. पर्यटकांच्या नकाशात बहुधा नसलेली ही ठिकाणं गावकऱ्यांना तोंडपाठ असतात.

संध्याकाळी एका दुकानाच्या तळघरात स्की दुरुस्त करणाऱ्यांचं काम पाहिलं. दिवसभर वापरलेल्या स्की पाच वाजता येतात आणि सकाळी आठच्या आत तयार हव्या असतात. कारागीर स्की उलटी करून शिकंजात पकडतो. तळाला खडकाने पडलेली खाच दिसली की प्लास्टिकची काडी पेटवून तिचे वितळलेले थेंब खाचेत सोडतो, थंड झाल्यावर पात्याने सपाट करतो. मग पोलादी कडांवर कानस, तिच्यामागून हिऱ्याच्या कणांची पट्टी. शेवटी इस्त्रीवर मेण धरायचं, ते स्कीच्या लांबीवर ठिबकवायचं, फिरवायचं, गार होऊ द्यायचं आणि खरवडून काढायचं. जमिनीवर मेणाच्या सालींचा थर साचला होता. हे करणारा मुलगा अर्जेंटिनातला विद्यार्थी. त्यांच्याकडे डिसेंबर ते मार्च उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून अर्जेंटिना, पेरू, चिली इथली हजारो मुलं विद्यार्थ्यांच्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेच्या स्की-गावांत येतात. त्याच्या खोलीत चौघं राहत होती. पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात जायचा. पण कामावरून स्कीचा पास मिळत होता आणि दुपारपर्यंतचा वेळ त्याचा होता. विशीत हा सौदा चांगलाच आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावरही ते दिसत होतं.

असाच सौदा अ‍ॅस्पेन हायलँड्स या दुसऱ्या स्की-डोंगरावरच्या ‘बोल’वर वेगळ्या रूपात चालतो. हा कोलोरॅडोतला अतिशय खडा उतार. माथा ३,७०० मीटरच्या वर, आणि शेवटचा टप्पा स्की पाठीला बांधून चालत चढावा लागतो. कोलोरॅडोचा बर्फ कोरडा. हंगामाच्या सुरुवातीला पडलेला थर थंडीने साखरेसारखा सुटा होतो आणि त्यावर नवा बर्फ चढला की सगळा उतार घसरू शकतो. म्हणून हंगामाच्या तोंडाशी माणसांच्या ओळी स्कीचे जड बूट घालून तो उतार पावलागणिक तुडवून काढतात, जेणेकरून कच्चा थर दबून घट्ट व्हावा. ठरलेले दिवस तुडवणी केली की मोबदला म्हणून मोसमाचा पास. सुरुंग लावून धोकादायक बर्फ आधीच पाडण्याचं काम स्की पेट्रोल या गस्ती पथकाचं. तिथल्या एका ज्येष्ठ पेट्रोलरने दोन्ही गुडघ्यांवरचे शस्त्रक्रियेचे व्रण दाखवले. एवढं सगळं करून निवृत्त व्हायचं तर कुठे, हा प्रश्न त्याला पन्नाशीत पडला, असं तो म्हणाला.

त्याचं उत्तर गावाने दिलेल्या घरात होतं, आणि अ‍ॅस्पेनमध्ये मला सर्वांत थक्क केलं ते याच गोष्टीने. १९८२ मध्ये गाव आणि पिटकिन काउंटी यांनी मिळून गृहनिर्माण प्राधिकरण उभं केलं. आज त्याच्या अखत्यारीत सुमारे तीन हजार घरं आहेत, काही भाड्याची, काही मालकीची. सात हजारांच्या गावाच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे. पैसा येतो तो मुख्यतः मालमत्तेच्या व्यवहारांतून. घर विकलं गेलं की किमतीवर एक टक्का कर कामगारांच्या घरांसाठी आणि मुळात ऑपेरा हाउससाठी लावलेला अर्धा टक्का. कोलोरॅडोने १९९२ मध्ये असे नवे कर लावायला बंदी केली, पण अ‍ॅस्पेनचा कर त्याआधीचा म्हणून टिकला. बंगल्यांच्या किमती जितक्या भडकतात तितका हा निधी भरतो. शेजारच्या कित्येक स्की-गावांना आज हे करायचं असूनही करता येत नाही.

घर मिळवायचं तर काउंटीत वर्षाला किमान १,५०० तास काम हवं, वर्षातले निदान नऊ महिने त्याच घरात राहायला हवं आणि खोऱ्यात दुसरं घर असता कामा नये. अर्ज अनेक, घरं थोडी, म्हणून चिठ्ठ्या निघतात. म्हाडाच्या सोडतीचा निकाल लागतो त्या दिवशी आपल्याकडे जी धडधड असते, तीच तिथे. एका शिक्षिकेने मला बर्लिंगेम वसाहतीतलं आपलं घर दाखवलं. दोन खोल्या, दारात बर्फ उपसायचं फावडं, खिडकीतून डोंगर. कितीतरी सोडतींत अपयश आल्यावर ते लागलं होतं. मुलाला पायी शाळेच्या बसपर्यंत सोडता येतं, रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण ओळखीचा असतो, हे सांगताना तिचा आवाज भरून आला.

पण या घराची किंमत वर्षाला जास्तीत जास्त तीन टक्क्यांनी वाढू शकते, महागाईचा दर त्याहून कमी असेल तर तेवढीच. अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची पुंजी मुख्यतः घराच्या वाढत्या किमतीत साठते. तिची बहीण दुसऱ्या राज्यात साधं घर घेऊन वीस वर्षांत सुस्थित झाली. हिला घर विकून खोऱ्याबाहेरही तसं काही घेता येणार नाही. नोकरी सुटली तर घरावरचा हक्क धोक्यात. म्हणजे मालकी आहे, पण ती गाव सोडताना सोबत नेता येत नाही. मला हा नियम योग्यच वाटतो. मर्यादा नसती तर पहिल्याच मालकाने बाजारभावाने घर विकलं असतं आणि पुढच्या शिक्षिकेसाठी काहीच उरलं नसतं. मात्र त्याची किंमत तिच्यासारखी माणसं मोजतात, बंगलेवाले मोजत नाहीत, हे विसरता येत नाही.

दुसरी अडचण वयाची. ऐंशीच्या दशकात घर मिळालेले लोक आता निवृत्त झाले. नियमाने ते तिथेच राहू शकतात आणि ज्यांनी गाव उभं केलं त्यांना उठवावं असं कुणी म्हणतही नाही. मुलं बाहेर पडली, तीन खोल्यांच्या घरात एकटी आजी, आणि दवाखान्यात नवी परिचारिका घर नाही म्हणून नोकरी नाकारते. शाळा आणि दवाखाना यांनी आता स्वतःच कर्मचाऱ्यांसाठी घरं राखली आहेत. त्यामुळे नोकरी देणाराच घरमालक होतो आणि राजीनामा देणं म्हणजे गाव सोडणं ठरतं.

एक गोष्ट लोक हळू आवाजात बोलतात. रॉकी पर्वतातल्या राज्यांत आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेच्या सरासरीहून बरंच जास्त आहे आणि स्की-गावं त्याला अपवाद नाहीत. मोसमागणिक बदलणारे मित्र, दारूची सोबत, एप्रिलमध्ये लिफ्ट थांबल्यावर चिखलाच्या मोसमात हातचं जाणारं काम, घरापासूनचं अंतर. त्यात सगळं जग सुट्टी साजरी करत असताना आपण दुःखी आहोत याची लाज. अ‍ॅस्पेनमध्ये २०१० पासून होप सेंटर ही संस्था अशा माणसांसाठी काम करते आहे. एवढ्याशा गावाने हा प्रश्न उघडपणे मान्य केला, याचं मला मोल वाटलं.

गावाच्या पूर्वेला रस्ता इंडिपेन्डन्स खिंडीकडे जातो. हिवाळ्यात तो फाटकाशी संपतो. वर खिंडीखाली इंडिपेन्डन्स नावाचं ओसाड खाणगाव आहे. १८९९ च्या फेब्रुवारीत हिमवादळांनी त्याची रसद तोडली. तेव्हा उरलेल्या माणसांनी घरांच्या फळ्या काढून स्की बनवल्या आणि सगळं गाव घसरत अ‍ॅस्पेनला उतरलं. स्की तेव्हा जीव वाचवायचं साधन होतं.

परतीच्या बसमध्ये विमानतळाजवळ लाकडाच्या जुन्या वखारीची जागा लागली. ती नगरपालिकेने विकत घेतली असून तिथे २७७ परवडणारी घरं बांधण्याचा आराखडा आहे. त्यातली बहुतेक भाड्याची असतील आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. भाड्याचं घर काम करणाऱ्याच्या गरजेप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं, रिकाम्या खोल्यांसह एकाच कुटुंबाकडे अडकून पडत नाही. शेजारच्या बाकावरच्या बांधकाम मिस्तरीला मी विचारलं, अर्ज करणार का? तो म्हणाला, बायकोची नोकरी ग्लेनवुडला आहे, त्यामुळे दोघांपैकी एकाला बसमध्ये बसावंच लागणार. पण ती घरं बांधायचं काम मिळालं तर निदान काही वर्षं गाव बदलायची वेळ येणार नाही.